बाळाच्या खोलीसाठी जुनं फर्निचर रंगवताना

प्रश्न : ताई, मला सातवा महिना लागलाय. नवीन फर्निचर घेणं आत्ता जमणार नाही. घरात नवऱ्याच्या लहानपणीची लाकडी कॉट आणि चार ड्रॉवरचं बुटकं कपाट पडून आहे, दोन्हीवर जुना हिरवा ऑइलपेंट, कॉटचे तर पोपडे निघायला लागलेत. दोन्ही घासून पांढरं करायचंय, सुट्टीवर आहे तोवर मीच करेन म्हणतेय. रंग कुठला घेऊ आणि खर्च कमीत कमी कसा होईल?

उत्तर : रंगाचं नंतर बोलू, आधी एक ऐका, पॉलिश पेपर हातात घेऊ नका. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता खरंच मोठी असते, अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली आणि कितीतरी देशांत त्याच्याही बऱ्याच नंतर, म्हणजे तुमच्या नवऱ्याच्या लहानपणचा रंग संशयातच धरायचा. सुका रंग घासला की त्याची बारीक धूळ उडते, ती श्वासातून जाते, हाताला लागून तोंडात जाते, आणि आईच्या रक्तातलं शिसं वारेतून बाळापर्यंत पोचतं. बाळाला इतकं शिसं चालतं असा सुरक्षित आकडाच नाहीये, म्हणून मी यात अजिबात सूट देणार नाही.

तर पहिला खर्च शिसं तपासायच्या किटचा. रंगाला आतल्या लाकडापर्यंत छोटीशी खाच पाडायची, म्हणजे खालचे सगळे थर उघडे पडतात, आणि तिथे किटमधला बोळा घासायचा, बोळ्याचा रंग बदलला तर शिसं आहे. हेसुद्धा घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करू दे, हातमोजे घालून, खाली ओला कागद पसरून. किटवर शंभर टक्के भरवसा ठेवता येत नाही, खात्री हवी असेल तर रंगाचा तुकडा लॅबमध्ये द्यावा लागतो. शिसं निघालं तर ती वस्तू बाळाच्या खोलीत नको. वरून नवा रंग मारून झाकू असं वाटेल, पण ड्रॉवर रोज घासला जातो आणि खालचा थर परत बाहेर येतो.

आता कॉट. टेस्ट चांगली आली तरी माझं मत विचाराल तर कॉट सोडून द्या. दात येताना बाळ उभं राहून वरची पट्टी चावतं, अगदी उंदरासारखं कुरतडतं, त्यामुळे कॉटचा रंग पोटातच जायचा. शिवाय जुन्या कॉटची मापं चुकीची असू शकतात, दोन गजांमधलं अंतर साधारण ६ सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल तर अंग निसटून डोकं अडकू शकतं. एक बाजू खाली सरकणारी असेल तर ती कॉट वापरूच नका, अमेरिकेत २०११ पासून तसल्या कॉटच्या विक्रीवर बंदी आहे कारण बाजू सुटून बाळं अडकली होती. जे पैसे वाचवायचेत ते कपाटात वाचवा आणि कॉटला लावा, मला हाच हिशोब पटतो.

कपाट टेस्टमध्ये पास झालं की मजा येते बघा. घासायचं काम नवऱ्याला द्या, मास्क लावून, घराबाहेर. आधी हँडल काढून ड्रॉवरच्या मागे नंबर लिहायचे, नाहीतर नंतर कुठला कुठे बसतो ते कळत नाही. मग साबणाच्या पाण्याने तेलकटपणा पुसायचा, घाईत लोक हेच विसरतात आणि मग रंग सोलून निघतो. १५० नंबरच्या पेपरने फक्त चमक घालवायची, सगळा रंग काढत बसायची गरज नाही. जुना रंग ऑइलचाच आहे का बघायचं असेल तर स्पिरिटचा बोळा घासा, बोळ्यावर रंग उतरला तर पाण्याचा रंग आहे, नाहीतर ऑइलचा. ऑइलवर सरळ पाण्याचा रंग बसत नाही म्हणून मध्ये चांगला चिकटणारा प्रायमर हवाच, इथे काटकसर करू नका.

वरून कमी वासाचं वॉटर बेस्ड ॲक्रिलिक इनॅमल, डब्यावर लहान मुलांच्या वस्तूंसाठी सुरक्षित असं लिहिलेलं बघून घ्या. दोन पातळ हात, मध्ये २२० च्या पेपरने हलकं घासून. एवढ्या कपाटाला अर्धा लिटर पुरतो, मोठा डबा घेऊ नका. ड्रॉवरची आतली बाजू रंगवूच नका, रंगही वाचतो आणि बाळाच्या कपड्यांना वासही येत नाही, आणि सरकपट्टीवर मेणबत्ती घासली की ड्रॉवर गुळगुळीत सरकतो.

आणि आत्ताच सुरुवात करा! रंग काही तासांत हाताला सुका लागतो पण पूर्ण कडक व्हायला ३ ते ४ आठवडे घेतो. मी एकदा दुसऱ्याच दिवशी ड्रॉवर बंद केले होते, तर ते असे चिकटले की ओढताना कडेचा रंगच उपटून आला आणि सगळं पुन्हा करावं लागलं. तोवर कपाट हवेशीर जागी, ड्रॉवर बाहेर काढून ठेवा.

प्रश्न : आमच्या कपाटाला सनमायका आहे, त्यावर रंग बसेल का?

उत्तर : बसेल. सुटलेल्या कडा आधी चिकटवून घ्या, २२० ने पृष्ठभाग जरासा खरखरीत करा आणि गुळगुळीत पृष्ठभागासाठीचा प्रायमर मारा, साधा नको. बाकी वरच्यासारखंच. फक्त कपाट कुठलंही असो, मागून भिंतीला पट्टीने आवळून टाका, मूल रांगायला लागलं की उघड्या ड्रॉवरला धरून वर चढतं आणि अख्खं कपाट अंगावर येऊ शकतं.