तिकडचं सगळं कुणाला सांगू?

“परत येऊन तीन महिने झाले, पण माझं ऐकून घ्यायला कुणाला वेळच नाही.” परदेशात सेवाकार्य करून आलेल्या माणसांच्या तोंडून हे वाक्य मी समुपदेशनाच्या कामात अनेकदा ऐकले आहे. घरचे मोठ्या उत्सुकतेने “कसं होतं तिकडे?” असे विचारतात, उत्तर सुरू होऊन दोन मिनिटे होतात न होतात तोच विषय बदलतो, आणि काही दिवसांनी तो माणूस “चांगलं होतं” एवढेच सांगून गप्प बसू लागतो. अशाच एका परिचारिकेची हकिकत तिच्या परवानगीने येथे मांडत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

बांगलादेशातील कॉक्स बाजारजवळ कुतुपालोंग येथे रोहिंग्या निर्वासितांची जी प्रचंड मोठी छावणी आहे, तेथे तिने सहा महिने काम केले होते. ऑगस्ट २०१७ पासून म्यानमारच्या राखाईन प्रांतातून सात लाखांहून अधिक माणसे सीमा ओलांडून आली आणि उघड्या टेकड्यांवर बांबू व ताडपत्रीच्या खोपटांत राहू लागली, हे तिने मला पहिल्याच भेटीत सांगितले. त्यानंतर ती चाळीस मिनिटे न थांबता बोलत होती. रांगा किती लांब असत, पावसाळ्यात टेकड्या कशा खचत, नोंदणी कशी चाले, हे सारे तिला तोंडपाठ होते. मात्र इतके ऐकूनही माझ्या डोळ्यांपुढे एकही चेहरा उभा राहिला नव्हता. मी तिला विचारले, “या सगळ्यात तुम्ही कुठे होतात?”

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग तिने पर्समधून एक रंगीत पट्टी काढली. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांच्या दंडाचा घेर या पट्टीने मोजतात. घेर १२५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असला तर हिरवा रंग, ११५ ते १२५च्या दरम्यान पिवळा, आणि ११५च्या खाली लाल, म्हणजे मूल तीव्र कुपोषित. पट्टीचे टोक खाचेतून ओवून तिने लाल खुणेवर वळे केले आणि ते माझ्यासमोर टेबलावर ठेवले. माझी दोन बोटे त्यात जेमतेम मावली असती. दीड वर्षाच्या एका मुलीचा घेर ११२ भरला होता. शेंगदाण्याच्या पौष्टिक लगद्याची आठवडाभराची पाकिटे घेऊन आई तिला परत घेऊन गेली, ती पुढच्या आठवड्यात आलीच नाही. स्वयंसेवकांनी शोध घेतला, तेव्हा त्या खोपटात दुसरेच कुटुंब राहत होते. “ती जगली का, हे मला कधीच कळणार नाही,” असे म्हणून ती पट्टी पुन्हा सरळ करू लागली.

ही गोष्ट तिने घरी कुणालाच सांगितलेली नव्हती. सांगितले होते ते आकडे, कारण आकडे सांगताना गळा दाटून येत नाही. पण ऐकणाऱ्याच्या हाती त्यातून काहीच लागत नाही, तो ओशाळतो आणि विषय बदलतो. घरच्यांची माया कमी झाली, असा अर्थ त्यातून काढणे मला चुकीचे वाटते.

परतल्यानंतरची ही अस्वस्थता अभ्यासकांना जुनीच परिचित आहे. जॉन आणि जीन गुलाहॉर्न या दांपत्याने १९६३ मध्ये असे मांडले की, परक्या देशात रुळताना माणसाचे मन जसे खाली जाऊन वर येते, तसेच ते मायदेशी परतल्यावर पुन्हा एकदा खाली जाते. या दुसऱ्या उताराची कल्पना नसल्यामुळे अनेक जण त्याचा दोष घरच्यांवर टाकतात.

तिच्याकडूनही तसेच घडले होते. वहिनीने एकदा लिफ्ट बंद असल्याची कुरकूर केली, तेव्हा “तिकडे लोकांच्या डोक्यावर धड छप्पर नाही” असे ती ताडकन बोलून गेली, आणि त्या दिवसापासून वहिनीने स्वतःचे काही सांगणेच सोडले. अशा तुलनेने ऐकणारा कधीही जवळ येत नाही, हे मी तिला स्पष्टपणे सांगितले. नंतर विचारले, “या सहा महिन्यांत इकडे काय काय झालं, ते तुम्ही कुणाला विचारलंत का?” तिने विचारले नव्हते.

पुढच्या भेटीला ती आली ती वेगळीच बातमी घेऊन. तिला तिकडे काळजी नको म्हणून भावाची नोकरी गेल्याचे घरच्यांनी चार महिने लपवून ठेवले होते.

त्यानंतर आम्ही दोघींनी मिळून काही गोष्टी ठरवल्या. सर्वांना सगळे सांगण्याचा नाद सोडायचा; एकाच माणसाला, आधी वेळ मागून, एकच प्रसंग सांगायचा आणि “मला सल्ला नको, फक्त ऐक” हेही सुरुवातीलाच सांगून टाकायचे. मोबाइलमधील मुलांचे फोटो पालकांच्या संमतीशिवाय काढलेले असल्यामुळे कुणी कितीही आग्रह केला तरी ते दाखवायचे नाहीत. त्या आयांना नाही म्हणण्याची संधी कुणी दिली नव्हती, हे तिचेच म्हणणे होते आणि मला ते फार मोलाचे वाटले. रात्री दचकून जाग येणे महिन्याहून अधिक काळ चालू होते, तेव्हा त्याचा भार घरच्यांवर न टाकता त्यासाठी माझ्याकडे येत राहायचे, हेही ठरले.

तिने भावाला निवडले. ती पट्टी त्याच्या हातात देऊन तिने त्या मुलीबद्दल सांगितले. तो बराच वेळ पट्टीकडे पाहत राहिला आणि मग, काही न विचारता, नोकरी गेली त्या सकाळी आपण घरी न येता कुठे बसून राहिलो होतो, ते त्याने पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितले. आईला यातले काही अजून माहीत नाही. ते कधी सांगावे, याची घाई मी तिला केलेली नाही.