६४१ ने भाग जातो, हे सापडायचं कसं?

प्रश्न : २ चा ३२वा घात अधिक १, म्हणजे ४,२९,४९,६७,२९७. १०० पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहिलं, कुठेच निःशेष भाग जात नाही. ही संख्या मूळ आहे का? आणि संगणकावर ३२ बिटच्या (३२ द्विमान अंकांत मावणाऱ्या) पूर्णांकात हीच बेरीज केली की उत्तर १ का येतं?

उत्तर : मूळ नाही. ६४१ × ६७,००,४१७ केलं की हीच संख्या मिळते. याच घडणीच्या (२ चा १, २, ४, ८, १६वा घात अधिक १) ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या पाचही संख्या मूळ, म्हणून फर्मा या गणितज्ञाने १६४० मध्ये पुढच्याही मूळच असणार असं मानलं. १७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञाने ६४१ दाखवला.

वर्गमूळापर्यंत, म्हणजे साधारण ६५,५३६ पर्यंत जायचं तर ६,५४२ मूळ संख्या तपासाव्या लागतील. तेवढे कष्ट नकोत. समजा, ‘प’ या मूळ संख्येने भाग जातो. मग २ च्या ३२व्या घाताला ‘प’ ने भागून बाकी ‘प उणे १’ उरते, आणि ६४व्या घाताला १. त्याआधीच्या कोणत्याही घाताला १ उरत नाही, म्हणजे बाकी १ देणारे घात ६४ च्या पटीतच येतात. फर्माच्याच छोट्या प्रमेयानुसार २ च्या ‘प उणे १’ या घातालाही बाकी १ च उरते. म्हणून ‘प उणे १’ ला ६४ ने भाग गेलाच पाहिजे. ६५, १२९, १९३ असं ६४-६४ ने पुढे जा. मूळ संख्या लागतात त्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पहिल्या चार निसटतात, पाचवी बसते. किती सुंदर चाळण आहे ही! पुढे १८७८ मध्ये ल्यूका या गणितज्ञाने ६४ च्या जागी १२८ चालतात हे सिद्ध केलं. मग उरतात फक्त २५७ आणि ६४१.

पडताळ्यासाठी दहा अंकी भागाकार मांडू नका, चुका तिथेच होतात. २ चा ८वा घात २५६. त्याचा वर्ग ६५,५३६; त्यातून ६४१ × १०२ = ६५,३८२ वजा, बाकी १५४ (ही १६व्या घाताची). १५४ चा वर्ग २३,७१६; त्यातून ६४१ × ३६ = २३,०७६ वजा, बाकी ६४० (ही ३२व्या घाताची). त्यात १ मिळवला की ६४१. झालं.

६७,००,४१७ मूळ आहे का, हेही याच चाळणीने कळतं. वर्गमूळ सुमारे २,५८८, आणि १२८ ची अट पाळणाऱ्या मूळ संख्या तिथपर्यंत ६४१, ७६९, १,१५३, १,४०९ एवढ्याच (२५७ आधीच बाद). बाक्या अनुक्रमे ४४, १२०, ३३४, ६२२. म्हणजे ती मूळ, आणि आपल्या संख्येचे विभाजक एकूण चारच.

३२ बिटच्या धन पूर्णांकात मोठ्यात मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५ मावते. पुढच्या पायरीला मोजणी शून्यावर येते, नंतर १. ६४ बिटचा प्रकार घ्या. कडेची ही ४,२९,४९,६७,२९५ मात्र वरच्या पाच मूळ संख्यांचा नेमका गुणाकार आहे, त्यामुळे इतक्या बाजूंचा सुसम बहुभुज पट्टी-कंपासने तत्त्वतः काढता येतो.