पश्चिमेची भिंत

प्रश्न : राजापूर तालुक्यात आमचं चिऱ्याचं जुनं कौलारू घर आहे. सहा वर्षांपूर्वी बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. आता पश्चिमेच्या भिंतीवर बारीक भेगांचं जाळं झालंय, खिडकीच्या कोपऱ्यातून एक भेग तिरकी वर गेलीय, आणि पावसात आतल्या खोलीला ओल येते. रंगवाला म्हणतो, पुट्टी भरून वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात मारू, गणपतीच्या आत काम होईल. करून घेऊ का?

उत्तर : नको. ओल्या भिंतीवर पुट्टी म्हणजे घामेजल्या अंगाला पावडर. दिवाळीपर्यंत पोपडे पडतील.

चिरा, म्हणजे जांभा दगड, पाणी पितो आणि उघडीप मिळाली की सोडतो. त्याच्यावर तुम्ही सिमेंटचं कडक कातडं चढवलंत. ते तडकलं, झडीचं पाणी भेगांतून आत गेलं, आणि बाहेर यायची वाट बंद झाली म्हणून ते खोलीत उतरतंय. वर वॉटरप्रूफ रंग दिलात तर उरलीसुरली वाटही बुजेल.

जाळीसारख्या भेगा बहुतेक वेळा घाईच्या असतात. सिमेंट जास्त, पाणी मारणं कमी. हे मी अनुभवानं सांगतो. तीस वर्षं बांधकामावर देखरेख केली, पण स्वतःच्या घराचा गिलावा भर मे महिन्यात उरकला. विहीर आटलेली, गवंडी गावी जायच्या घाईत. तीन दिवस पाणी मारलं आणि झालं म्हटलं. गौरी आल्या तेव्हा भिंत आटलेल्या तळ्यासारखी भेगाळली होती. घरच्यांनी ते अजून विसरू दिलेलं नाही.

तिरक्या भेगेची गोष्ट वेगळी. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं आडवी रेघ मारा, शेजारी तारीख लिहा. त्या बाजूचं दार अलीकडे घासायला लागलंय का? पागोळ्यांचं पाणी नेमकं जोत्याच्या पायाशी पडतं का? पडत असेल तर आजच वळचणीला पन्हळ लावा. पायाची माती धुपली की भिंत कोपऱ्यातून बोलते. भेग रेघेच्या पुढे गेली किंवा रुंदावली, तर गवंड्याला नव्हे, इंजिनिअरला दाखवा.

या पावसाळ्यापुरती पश्चिमेला झापं, म्हणजे विणलेल्या माडाच्या झावळ्या बांधा, नाहीतर पत्रे. भिंतीपासून चार बोटं लांब, म्हणजे वारा खेळेल. आपले आजे दरवर्षी झापं बांधायचे ते काही हौस म्हणून नव्हे. गणपतीला रंग हवाच असेल तर ओटी आणि पडवी रंगवा. ओल आलेल्या खोलीला हात लावू नका.

खरं काम दिवाळीनंतर. गवंड्याच्या करणीच्या दांड्यानं भिंत ठोकून बघा. जिथे बद, पोकळ आवाज येईल तिथे खडूनं खूण करा आणि तेवढा गिलावा चिऱ्यापर्यंत काढा. सांधे अर्धा इंच कोरून घ्या, भिंत आदल्या दिवशी भिजवा. माल एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू. गवंडी म्हणेल, 'साहेब, माल कच्चा होतोय.' होऊ दे. चिऱ्यापेक्षा गिलावा कडक नको, एवढंच त्याला सांगा. दोन थरांत मिळून पाऊण इंच पुरे. पहिला थर खरबरीत ठेवायचा. वाळू नदीची. खाडीची स्वस्त पडते, पण तिच्यातलं मीठ पुढे भिंतीवर पांढरं फुलतं. मग गोणपाट टांगून किमान सात दिवस पाणी मारा, आणि ते काम घरच्या माणसाकडे द्या. रंग महिन्याभरानं, तोही वाफ बाहेर सोडणारा.

जिथे गिलावा घट्ट आहे आणि नुसती केसासारखी भेग आहे, तिथे फोडाफोड करू नका. भेग थोडी कोरून, ब्रशनं साफ करून बाहेरच्या कामाचा क्रॅक फिलर भरला की पुरतं.

पेन्सिलीच्या रेघेचं काय झालं, ते दिवाळीत कळवा.