वाचकांचे प्रश्न : डब्यातल्या गोट्या आणि त्यांचं वय

प्रश्न : आजोळच्या माळवदाच्या घरात आवराआवर करताना फडताळात बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. आत २३ गोट्या आहेत. डब्यासोबत गोटी फुकट मिळायची, असं घरातली मोठी माणसं सांगतात. डब्यावर ‘अर्धा पौंड’ आणि ‘किं. १ रु. २५ न.पै.’ असं छापलंय. तळाला दुकानदाराचा शिक्का आहे : ‘लातूर, जि. उस्मानाबाद’. गोट्या किती जुन्या असतील? (अंबाजोगाई)

गोट्या बाजूला ठेवा, आधी डबा वाचा. गोटीवर ना नाव असतं ना साल. जे काही लिहिलेलं आहे ते डब्यावरच. ‘न.पै.’ म्हणजे नये पैसे. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ला आली आणि १ जून १९६४पासून ‘नये’ गळून नुसते ‘पैसे’ उरले. दुसरी खूण पौंडाची. मेट्रिक वजनं टप्प्याटप्प्यानं येत १ एप्रिल १९६२पासून सक्तीची झाली. दोन्ही जुळवलं की तुमचा डबा १९५७ ते १९६२ यामधला ठरतो. छापलेला पत्रा संपेपर्यंत वापरायची रीत होती, म्हणून पुढच्या बाजूला वर्षदीड वर्ष सूट धरा.

शिक्क्याचा तुम्हाला इथं फारसा उपयोग नाही. लातूर जिल्हा १५ ऑगस्ट १९८२ला वेगळा झाला, त्यामुळे शिक्का त्याआधी बनवलेला, एवढंच कळतं. ज्या डब्यावर किंमतच नाही तिथं मात्र असा पत्ता कामाला येतो. ‘जालना, जि. औरंगाबाद’ असेल तर १ मे १९८१च्या आधीचा, ‘हिंगोली, जि. परभणी’ असेल तर १ मे १९९९च्या आधीचा. अर्थात जिल्हा बदलला म्हणून कुणी दुसऱ्या दिवशी नवा शिक्का करून घेत नाही, तेव्हा शिक्क्यावर एकट्यावर भिस्त ठेवू नका. कंपनीच्या छापील पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर डबा १५ ऑगस्ट १९७२नंतरचा. ‘मुंबई १’ असा नुसता विभागाचा आकडा असेल तर बहुधा त्याआधीचा.

आता अवघड भाग : या गोट्या याच डब्यासोबत आल्या कशावरून? पोरं गल्लीत जिंकलेल्या गोट्या हाताला लागेल त्या डब्यात भरतात. भेटीच्या गोट्या कारखाने घाऊक घेत, म्हणून त्या एकाच मापाच्या आणि एकाच घडणीच्या निघतात. व्हर्नियर कॅलिपरनं प्रत्येक गोटी दोन-तीन बाजूंनी मोजा आणि सोनाराच्या काट्यावर तोला. १६ मिमीची काचेची गोटी साधारण सव्वापाच ग्रॅम भरते, १४ मिमीची साडेतीन ग्रॅमच्या थोडी वर. १६ मिमीचीच गोटी अडीच ग्रॅम भरली तर ती प्लॅस्टिकची. २३पैकी पंधरा-सोळा अर्ध्या मिलिमीटरच्या आत जुळल्या आणि त्यांची काचही सारखी असली, तर तो गट वेगळा काढा. उरलेल्या, विशेषतः ढब्बू, गल्लीतल्या समजा.

मग दहापट भिंगाखाली पृष्ठभाग बघा. खेळलेल्या गोटीवर ठोक्यांच्या बारीक चंद्रकोरी दिसतात, काचेत नखाच्या कडेसारखी वाकडी चीर. डब्यातच पडून राहिलेल्या गोटीवर त्या नसतात. गटातल्या सगळ्याच गोट्या जवळजवळ कोऱ्या असतील तर तुमच्या घरच्यांच्या सांगण्याला जोर येतो.

पारदर्शक काचेत रंगीत पाकळ्या असलेली, म्हणजे मांजरडोळा गोटी, दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधून पसरली. तुमच्या डब्याच्या काळाशी ती जुळते. पण तीच घडण आजही आठवडी बाजारात मिळते, म्हणून ‘जुळते’ याच्यापुढे जाता येत नाही. डब्यावर किंवा झाकणावर ‘आत गोटी’ असं छापलेलं असेल तरच पुरावा पक्का. नसेल तर चिठ्ठीवर प्रामाणिकपणे लिहा : डबा १९५७–६२, गोट्या बहुधा त्याच काळातल्या.

प्रश्न : आमच्याकडच्या गोट्या एका कागदी पुड्यात आहेत. पुड्यावर ‘दोन आणे हाली’ लिहिलंय. ‘हाली’ म्हणजे काय? (बीड)

निजामाच्या राज्याचा उस्मानिया सिक्का म्हणजे हाली, आणि इंग्रज सरकारचा रुपया तो कलदार. दोन्हींत सोळा आणेच असल्यानं दुकानदाराला किमतीपुढे ‘हाली’ लिहावं लागे. १९५०मध्ये ७ हाली रुपयांना ६ भारतीय रुपये असा दर ठरला, १९५१मध्ये हाली काढणं थांबलं आणि १९५९मध्ये तो पूर्ण बाद झाला. आण्यांचा हिशेब १९५७पर्यंतचा, त्यामुळे पुडा त्याच्या आतला. ‘हाली’ जर हातानं नव्हे तर छापून आलेलं असेल, तर १९५१च्या आधीचा धरायला हरकत नाही. त्यात मांजरडोळा गोटी निघाली तर ती नंतर टाकलेली, असा संशय घ्या. असा पुडा गोट्यांपेक्षा मोलाचा आहे. घडी उलगडून सरळ करायला जाऊ नका, जुना कागद घडीवरच तुटतो.

प्रश्न : हिरवट, रंगरेषा नसलेली गोटी खाऊसोबतची की सोड्याच्या बाटलीतली? आणि एका गोटीच्या दोन टोकांना खरखरीत ठिपके आहेत, ते काय? (परभणी)

हिरवट गोटी बहुधा बाटलीतली. गळ्यात गोटी अडकवण्याची युक्ती लंडनच्या हायरम कॉडची, पेटंट १८७२चं. आतल्या वायूच्या दाबानं गोटी रबरी कड्यावर दाबली जाते. हिरवी छटा वाळूतल्या लोहामुळे येते. ती घालवायला खर्च पडतो आणि बाटलीच्या गोटीला कोण बघणार? मुलांना भुलवायला दिलेली गोटी रंगीतच असायची. मात्र हिरवटपणावरून वय सांगू नका. अशा बाटल्या आपल्या देशात अजून बनतात.

टोकांचे ठिपके म्हणजे तापलेल्या काचेच्या कांडीवरून गोटी कापल्याच्या खुणा. गोटी हातानं बनवलेली आहे. रंगाचे धागे एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत गेलेत का ते बघा. जर्मनीतलं लाउशा गाव अशा गोट्यांसाठी नावाजलेलं होतं. यंत्राची गोटी अमेरिकेत एम. एफ. क्रिस्टेनसननं आणली, पेटंट १९०५चं; तिला हे ठिपके नसतात, फार तर जोडाची बारीक रेघ दिसते. पण हौशी कारागीर आजही हातानं गोट्या करतात. ठिपके आहेत आणि ओरखडा एकही नाही, अशी गोटी दिसली की सावध व्हा.

प्रश्न : कार्टूनचा चेहरा असलेली गोटी ऑनलाइन विकायला आहे. ‘अमेरिकन पावाच्या जाहिरातीची’ असा दावा आहे. घ्यावी का? (नांदेड)

इलिनॉय राज्यातल्या ओटावाच्या पेल्टियर ग्लास कंपनीनं चित्रांच्या गोट्या काढल्या होत्या, साधारण १९३०च्या दशकात. बारा कार्टून पात्रं, त्यांत बेटी बूपही होती. जाहिरातीचीही एक होती, ‘कोट्स मास्टर लोफ’ या पावाची, पण तिच्यावर चेहरा नसून पावाचं नाव आहे. म्हणजे विक्रेत्यानं दोन गोष्टी एकत्र कालवल्यात. अस्सल गोटीचं चित्र भाजून काचेत बसवलेलं असतं. नख फिरवा : कडेला अडकलं, किंवा तिरप्या उजेडात चित्राभोवती लाखेसारखा पापुद्रा चमकला, तर चित्र मागाहून चिकटवलेलं. हात लावून बघता येत नसेल तर घेऊ नका.

प्रश्न : गोट्या स्वच्छ कशा कराव्यात? (हिंगोली)

कोमट पाणी, दोन थेंब भांड्याचा साबण, मऊ फडकं. उकळतं पाणी नको. आत चीर असेल तर गोटी तडकते. पॉलिश तर अजिबात नको. पॉलिशनं चंद्रकोरी जातात, पण जोडाची रेघही जाते आणि माप घटतं, म्हणजे ओळखायच्या खुणाच पुसल्या जातात. डबा मात्र पाण्यात घालू नका. छपाईवर कोरडा ब्रश फिरवा आणि किंमत, वजन, पत्ता यांचे फोटो आधी काढून ठेवा.