आयस्कझी डिस्कवर (नेटवर्कवरून जोडलेल्या स्टोरेजवर) मोठी कॉपी सुरू केली की लिनक्स सर्व्हर अडकतो. ड्रायव्हर खराब आहे का?

लगेच ड्रायव्हर बदलू नका आणि कृपया रीबूटही करू नका, पुरावा तिथेच पुसला जातो. सर्व्हर अडकलेला असतानाच रूट म्हणून प्रोक फोल्डरमधल्या सिसआरक्यू-ट्रिगर फाइलमध्ये (हिच्यात लिहिलेलं अक्षर म्हणजे कर्नलला थेट आज्ञा) डब्ल्यू हे एक अक्षर लिहा. डी अवस्थेत (कशाची तरी वाट बघत, मारताही न येणाऱ्या स्थितीत) अडकलेल्या प्रत्येक प्रोसेसचा कर्नल स्टॅक, म्हणजे ती कर्नलमध्ये कुठे थांबलीय त्याची यादी, डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत) उतरतो. तिथे आयओ-शेड्यूल हे फंक्शन दिसलं, तर प्रोसेस डिस्कच्या उत्तराची वाट बघतेय एवढंच कळतं. म्हणून त्याच्या आधीच्या ओळी वाचा. ‘पिंग टाइमआउट ऑफ ५ सेक्स एक्सपायर्ड’ आणि पाठोपाठ ‘कनेक्शन एरर’ असेल, तर संशय नेटवर्कवर घ्या.

छोटं काम चालतं आणि मोठी कॉपी अडते, हे जंबो फ्रेमच्या (नेहमीपेक्षा मोठ्या नेटवर्क पॅकेटच्या) गडबडीचं नेहमीचं लक्षण. सर्व्हरचा एमटीयू (एका पॅकेटची कमाल बाइट-मर्यादा) ९०००, पण मधल्या स्विचचा १५००! मोठं पॅकेट गळतं आणि त्याच कनेक्शनवरचं, वरच्या संदेशातल्या आयस्कझी पिंगचं उत्तरही मागे रखडतं. ८९७२ बाइटचा साधा नेटवर्क पिंग, तुकडे न करण्याच्या पर्यायासह, स्टोरेजपर्यंत मारून बघा. (उरलेले २८ बाइट हेडरचे.) तो पोहोचला नाही, तर स्विच दुरुस्त करा.

पोहोचला, तर मात्र केडम्प (क्रॅशच्या वेळी मेमरीची प्रत जपणारी सोय) चालू करून सिसआरक्यूच्या सी अक्षराने मुद्दाम क्रॅश घडवा, पण कामाची वेळ टाळून. मग क्रॅश टूलमध्ये अडकलेल्या प्रोसेसचा बीटी (बॅकट्रेस, म्हणजे स्टॅकची यादी) काढून इथे टाका, सोबत कर्नलची आवृत्तीही द्या.