माळावर झाडं लावावीत का?

प्रश्न : गावच्या 40 हेक्टर गायरानावर एक संस्था कार्बन क्रेडिटसाठी (झाडांनी धरलेल्या कार्बनची विकता येणारी पत्रं) हेक्टरी 1100 झाडं लावून देते म्हणते. माळ तसाही ओसाडच आहे. ठराव द्यावा का? (सरपंच, पुणे जिल्हा)

उत्तर : ओसाड आहे हे कोणत्या महिन्यात पाहून ठरवलंत? एप्रिलमध्ये सगळेच माळ ओसाड दिसतात. सप्टेंबरमध्ये मीटर बाय मीटरची दोरीची चौकट माळावर दहा ठिकाणी टाका आणि आत काय उगवलंय ते मोजा. पवन्या, कुसळी या गवतांचे ठोंब आणि त्यांच्यामध्ये कंदांची, शेंगांची रानफुलं दिसली, शिवाय नांगराची खूण नसली, तर तो बहुधा पूर्वापार गवताचा माळ आहे. सरकारी नकाशात असे माळही ‘पडीक’ रंगवतात. घोळ तिथूनच सुरू होतो.

आता खड्ड्यांचा हिशेब. 1100 झाडं म्हणजे तीन मीटरवर एक. दीड फुटी (45 सेंमी) चौरस खड्डा घेतला तर हेक्टरी सुमारे 100 घनमीटर माती-मुरूम उकरला जातो. माळाचा बहुतेक कार्बन मुळांत आणि वरच्या वीतभर मातीत असतो. ती माती उलटून हवा लागली की सेंद्रिय द्रव्य झपाट्याने कुजतं आणि त्यातला कार्बन हवेत जातो. संस्थेच्या हिशेबात फक्त खोडांचा घेर मोजला असेल, तर ही घट कुठेच दिसणार नाही. वणव्याचंही तेच : गवत वरून जळतं, ठोंब पावसात पुन्हा फुटतो, झाडाचा कार्बन मात्र वरच उभा असतो, तो जळून हवेत जातो.

पक्ष्यांचं नुकसान याहून लवकर होतं. धाविक आणि माळटिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. चहूबाजूंचं दिसतं म्हणूनच त्या तिथे टिकतात. झाडं वाढली की कावळ्याला टेहळणीची जागा मिळते. गिरिपुष्पासारख्या लावलेल्या झाडांची दाट सावली पडली की गवत विरळ होतं. मग चिंकारा हलतो, आणि गावच्या शेरड्यांचा चाराही जातो.

ठरावाआधी गावच्या जैवविविधता समितीची नोंदवही (गावातल्या वनस्पती-प्राण्यांची नोंद) उघडा. संस्थेकडून तीन गोष्टी लेखी मागा : 30 सेंमीपर्यंतच्या मातीतल्या कार्बनची आधीची मोजणी, झाडांची यादी आणि चराई किती वर्षं बंद राहणार. तिसऱ्याचं उत्तर सहसा उशिरा येतं.

प्रश्न : माळावर वेडी बाभूळ पसरली आहे. तीही कार्बन धरतेच, मग राहू द्यावी का?

उत्तर : नाही. पण नुसती तोडूही नका, बुंध्याला चार-सहा फुटवे येतात. खोडाभोवती फूटभर खणून गड्ड्यासकट काढा. हे काम पहिल्या पावसानंतर, माती मऊ असताना सोपं जातं. उघड्या पडलेल्या जागी मारवेल गवताचे ठोंब 50 बाय 50 सेंमीवर लावा, म्हणजे एकरी सुमारे 16,000. गुरं बाभळीच्या शेंगा खातात आणि शेणातून बी पसरतं, म्हणून पुढची दोन-तीन वर्षं तिची रोपं हाताने उपटावी लागतात. लोक नेमकं इथेच थांबतात. गवताची कापणी बी गळल्यावर, जमिनीपासून चार बोटं वर.

प्रश्न : मग झाडं लावायचीच नाहीत का?

उत्तर : लावा की! ओढ्याकाठी करंज, उंबर. बांधावर, गावठाणात कडुनिंब. माळावरची बोर, हिवर जिथे आपोआप आलीत तिथेच राहू द्या.