यंदा आईलाच घणसोलीला बोलाव

‘मावशी, पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत उजव्या किडनीत पाच सेंटिमीटरची गाठ दिसली. कॅन्सर नाही, एएमएल आहे, म्हणाले. सातव्यात ओटी भरली की बाळंतपणाला चिपळूणला, माहेरी जायचं ठरलंय. सासूबाई म्हणतात, गाठीचं कुणाला बोलू नकोस. काय करू?’ – घणसोलीची एक

पोरी, मोबाईलवर ‘एएमएल’ शोधलंस तर रक्ताचा कॅन्सर समोर येईल. तो वेगळा आजार. तुझी गाठ अँजिओमायोलिपोमा, म्हणजे रक्तवाहिन्या, स्नायू आणि चरबीची. भीती कॅन्सरची नाही, रक्तस्रावाची आहे. तिच्यातल्या रक्तवाहिन्या कच्च्या असतात. गाठ चार सेंटिमीटरच्या वर गेली की फुटण्याचा धोका वाढतो, गरोदरपणात आणखी. अशा गाठीसह सुखरूप बाळंतपणं होतात, पण लक्ष ठेवावं लागतं.

म्हणून चिपळूणला जाऊ नकोस. पहिलं बाळंतपण आईकडे व्हावं ही ओढ मला कळते, लिहिताना जीवावर येतंय. पण गाठ फुटलीच तर रक्तपेढी, युरोलॉजिस्ट, बाळांचा आयसीयू आणि मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून रक्तवाहिनी बंद करणारे डॉक्टर (एम्बोलायझेशन म्हणतात त्याला) एकाच छताखाली हवेत. रात्री दोनला महामार्गावर तासन्‌तास घालवता येणार नाहीत. वाशी-नेरूळ किंवा ठाण्यात असं रुग्णालय आत्ताच ठरव. तुझ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना आणि युरोलॉजिस्टना एकमेकांशी बोलायला लाव. गाठ किती दिवसांनी पाहायची, आधीच एम्बोलायझेशन करायचं का, नॉर्मल की सिझेरियन, हे त्यांनी मिळून ठरवावं.

सासूबाईंना दृष्ट लागायची काळजी असेल. शेजारी कळायला नको, हे ठीक. पण घरात तुझ्यासोबत असेल त्या प्रत्येकाला ठाऊक हवंच. कुशीत किंवा पाठीत एकाएकी जोराची कळ, चक्कर, दरदरून घाम, लाल लघवी, यातलं काहीही झालं तर गॅस म्हणून ओवा चघळत बसू नका. १०८ लावा. डाव्या कुशीवर झोप. फाईलच्या अगदी वर किडनीचा रिपोर्ट ठेव आणि ड्युटीवरच्या डॉक्टरांना तो पहिल्यांदा दाखव, नाहीतर ती कळ बाळंतकळा किंवा वार सुटल्याची समजली जाऊ शकते.

अजून एक विचार. दोन्ही किडन्यांत गाठी आहेत का? तुला किंवा घरात कुणाला फिट्स येतात का, चेहऱ्यावर बारीक पुटकुळ्या, अंगावर पांढरे डाग आहेत का? असतील तर ट्यूबरस स्क्लेरोसिस हा आनुवंशिक आजार तपासायला हवा. तो आईला असेल तर बाळाला येण्याची शक्यता ५० टक्के असते.

बाळंतपणानंतर इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्या विचारल्याशिवाय सुरू करू नकोस. आणि आईला आजच फोन कर. डोहाळजेवण घणसोलीलाच, आणि तिचं तिकीट सहाव्या महिन्यातलं.